मोबाइलवर मराठीत बोलून लिहिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बुधवारी दुपारी चारला मुलुंडच्या आमच्या वाचनालयात, वरच्या खोलीत, आम्ही दहाबारा जण आपापले फोन घेऊन बसतो. बहुतेकांनी साठी ओलांडलेली. मी फोर्टमधल्या एका कचेरीत ३१ वर्षं स्टेनो होते. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं: "तुम्ही आयुष्यभर डिक्टेशन घेतलंत, आता आम्हाला द्यायला शिकवा." प्रश्न फिरून फिरून तेच येतात. उत्तरांची वही भरत आली, म्हणून ती इथे उतरवून ठेवते. सगळं अँड्रॉइड फोन धरून लिहिलं आहे, कारण आमच्या खोलीत आयफोन एकच आहे आणि तोही मुलाने अमेरिकेहून पाठवलेला.

बोलून लिहिणं म्हणजे व्हॉइस मेसेजच ना?

नाही. व्हॉइस मेसेजमध्ये तुमचा आवाज जातो आणि समोरच्याला तो ऐकावा लागतो. इथे तुम्ही बोलता आणि पडद्यावर अक्षरं उमटतात. शाळेत बाई वाचायच्या आणि आपण पाटीवर उतरवायचो, ते श्रुतलेखन. फक्त पाटी आता फोनकडे आहे आणि बाई तुम्ही आहात.

त्यासाठी कोणतं ॲप उतरवायचं?

बहुतेकांना काहीच उतरवावं लागत नाही. अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड नावाचा कीबोर्ड बऱ्याचदा आधीच असतो, आणि त्यात २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांना ही सोय दिली. हिंदीला ती आधीपासून होती. जीबोर्ड नसेल तर प्ले स्टोअरमधून फुकट घेता येतो.

प्ले स्टोअरवर "मराठी स्पीच टू टेक्स्ट" असं शोधलंत तर डझनभर ॲप्स येतील. त्यातली बरीचशी फोनमध्ये असलेलीच गूगलची सेवा वापरतात आणि वर जाहिराती दाखवतात. बोलून लिहायचं ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागू लागलं तर सरळ काढून टाका. लिहून घेणाऱ्या माणसाला घराच्या किल्ल्या कशाला हव्यात?

मराठी चालू कशी करायची? एकेक पायरी सांगा.

व्हॉट्सॲप उघडा. कोणाचंही चॅट चालेल, पण सरावाला स्वतःचंच घ्या, म्हणजे अर्धवट वाक्यं सुनेला जायची नाहीत. लिहायच्या चौकटीवर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो. त्याच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चिन्ह शोधा. दिसलं नाही तर स्वल्पविरामाची कळ दाबून धरा, तिथे सापडतं. आत "लँग्वेजेस", मग "ॲड कीबोर्ड", मग यादीतून मराठी.

इथे एक फाटा फुटतो आणि निम्मी खोली तिथे अडते. मराठी निवडल्यावर फोन विचारतो की कीबोर्ड कोणत्या नमुन्याचा हवा. एक देवनागरी अक्षरांचा असतो, एक इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचा, एक बोटाने गिरवायचा. सुरुवातीला देवनागरीचा घ्या. बोलून झाल्यावर एखादी वेलांटी दुरुस्त करताना समोर मराठी अक्षरं असलेली बरी.

मग मागे येऊन "व्हॉइस टायपिंग" उघडा आणि "यूज व्हॉइस टायपिंग" चालू आहे ना ते बघा. संपलं. आता चॅटमध्ये परत या, खालची लांब स्पेसची कळ दाबून धरा, मराठी निवडा आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या माइकवर टिचकी मारा. पहिल्यांदा फोन परवानगी विचारेल. "ॲप वापरत असताना" हा पर्याय पुरेसा आहे.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड असं जाऊन "एनेबल डिक्टेशन" चालू करतात. आमच्या अमेरिकेच्या फोनवाल्या वहिनींनी शेवटी जीबोर्डच टाकून घेतला.

माझ्या कीबोर्डवर माइकच नाही.

तीन शक्यता. एक, तुमचा कीबोर्ड जीबोर्ड नाही. फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापला कीबोर्ड घालून देतात. सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत "कीबोर्ड" असं लिहा आणि मूळ कीबोर्ड बदलून घ्या. दोन, व्हॉइस टायपिंग बंद आहे. ते वर सांगितलंच. तीन, तुम्ही पासवर्डच्या चौकटीत आहात. तिथे माइक मुद्दाम दिसत नाही, आणि ते बरंच आहे. आमच्या इथे एक काका बँकेच्या ॲपमध्ये पासवर्ड बोलून टाकायला निघाले होते, तेही भर खोलीत, खणखणीत आवाजात.

मी मराठीत बोलते आणि तो हिंदी लिहितो. असं का?

माइक साधारणपणे कीबोर्ड ज्या भाषेवर असेल त्या भाषेत ऐकतो. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. "मी उद्या येते" म्हणालात आणि "में उद्या येते" किंवा त्याहून विचित्र काही आलं, तर स्पेसच्या कळीवर बघा. तिथे भाषेचं नाव असतं. कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर गंमत आणखी वाढते. तो तुमच्या मराठीतून इंग्रजी शब्द ओढून काढतो. एकीचं "काय गं, कशी आहेस" कुठल्याशा इंग्रजी माणसाचं नाव होऊन आलं होतं.

कसं बोलायचं? हळू? एकेक शब्द तोडून?

तोडून तर मुळीच नको. सगळे पहिल्या दिवशी तेच करतात: "मी... उद्या... दादरला..." अशाने चुका वाढतात, आणि का ते सांगते.

आम्ही पिटमनची लघुलिपी शिकलो. १८३७ मध्ये इंग्लंडात निघालेली ती पद्धत आमच्या काळापर्यंत तशीच चालत आली होती. वेगात लिहिताना बहुतेक स्वर गाळायचे, व्यंजनांच्या रेघा तेवढ्या मारायच्या. मग टाइप करताना "प-ट" एवढीच रेघ असेल तर ती पट, पाट, पेटी की पोट, हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवायचं. फोन तेच करतो. आवाजाचे बारीक तुकडे करतो, त्यांच्याशी जुळणारे अनेक शब्द काढतो आणि शेजारच्या शब्दांसोबत कोणता जास्त शोभतो ते बघून एक निवडतो. म्हणून बोलताबोलता पडद्यावरचा मागचा शब्द अचानक बदललेला दिसतो. पुढचं ऐकून त्याने मत बदललेलं असतं. एकटा शब्द दिलात तर बिचाऱ्याला शेजारच मिळत नाही.

म्हणून पूर्ण वाक्य मनात जुळवा आणि मग एका दमात, नेहमीच्या वेगाने बोला. बातम्या वाचणारी बाई बोलते तसं. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो आणि नेमका तिथेच आपला तळहात येतो. जरा थांबलात तर चालेल, पण फार वेळ गप्प राहिलात की माइक आपोआप बंद होतो. मग तुम्ही बोलत राहता आणि कागद कोरा.

आमच्या कचेरीत एक साहेब येरझाऱ्या घालत डिक्टेशन द्यायचे. खिडकीपाशी गेले की अर्धं वाक्य रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये बुडायचं. मी विचारून घेऊ शकत होते. फोन विचारत नाही, तो काहीतरी लिहून मोकळा होतो.

लोकलमध्ये चालतं का?

सव्वाआठच्या गाडीत घाटकोपरच्या पुढे? विसरा. गाडीचा खडखडाट त्याला एक वेळ निभावतो, कारण तो सारखा एकाच सुराचा असतो. घात करतात ती माणसं. शेजारच्या दोघी भाजीच्या भावावर बोलत असतील तर त्यांची भाजी तुमच्या निरोपात येते. वर "पुढील स्टेशन विक्रोळी" तीन भाषांत. दुपारच्या रिकाम्या गाडीत, इअरफोनचा माइक ओठांजवळ धरून, छोटा निरोप जातो. दारात उभं राहून अजिबात नको. वाऱ्याने माइकचं काही चालत नाही, आणि दारात उभं राहून फोन हातात धरणं हा वेगळाच विषय आहे.

घरातले शत्रू म्हणजे वर फिरणारा पंखा, मिक्सर, समोरच्या इमारतीचं चाललेलं पुनर्विकासाचं काम आणि जुलैत पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस. त्या आवाजात फोन जोरात ओरडल्याने सुधारत नाही. ओरडलं की उच्चार फाटतात. खोली बदला.

पूर्णविराम, स्वल्पविराम कसे द्यायचे?

इंग्रजीत "कॉमा" म्हटलं की चिन्ह येतं. मराठीत "पूर्णविराम" म्हणून बघा. बऱ्याचदा तो शब्दच्या शब्द लिहिला जातो आणि निरोप असा दिसतो: "मी पोचले पूर्णविराम". मी वाक्य बोलून झालं की अंगठ्याने टिंब देते आणि पुढचं वाक्य सुरू करते. दोन दिवसांत हाताला सवय लागते. व्हॉट्सॲपवर प्रत्येक वाक्य वेगळा मेसेज म्हणून पाठवणारेही आहेत. चालतं, पण समोरच्याचा फोन एका मिनिटात आठ वेळा वाजतो याचं भान असू द्या.

तो नेमका कुठे चुकतो?

हा खरा प्रश्न, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

हाताने टाइप करताना चूक झाली तर शब्द वेडावाकडा दिसतो, डोळ्याला खुपतो. फोनच्या चुका तशा नसतात. तो चुकीचा शब्द अगदी शुद्ध लिहितो. वाक्य गुळगुळीत वाचलं जातं आणि अर्थ भलताच असतो. मुद्रितशोधनाला सगळ्यात अवघड चूक हीच.

सगळ्यात घातक चूक "नाही"ची. आपण मुंबईकर "नाही" पुरतं म्हणतो कुठे? "येणार नै" म्हणतो, तेही शेवटी आवाज पाडून. आमच्यातल्या एका काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर रविवारच्या सभेला येणार नाही असं बोलून टाकलं. ग्रुपवर गेलं, "रविवारच्या सभेला मी येणार". गणसंख्या भरायला एकच माणूस कमी होता. सगळे पाऊण तास वाट बघत बसले आणि काका पुण्याला नातवाच्या मुंजीत. तेव्हापासून आमच्या खोलीत नियम आहे: नकार असेल तर वाक्याची सुरुवातच त्याने करायची. "नाही, मला जमणार नाही." दोनातला एक तरी वाचतो.

दुसरी चूक ऱ्हस्वदीर्घाची. बोलताना आपण दिन आणि दीन यांत फरक करत नाही, मग त्याला कुठून ऐकू येणार? जो शब्द जास्त वेळा लिहिलेला सापडतो तो तो धरतो. नेहमीच्या शब्दांत हे आपल्या फायद्याचं ठरतं. "परीक्षा" आणि "आशीर्वाद" हे शब्द तो माझ्या काही मैत्रिणींपेक्षा बरे लिहितो. पण ठिकाणाच्या नावांत गोंधळ होतो. "शीव" म्हणा, "शिव" येईल. मी आता निमूटपणे "सायन" म्हणते.

तिसरी, मराठीची खास. "दर्या" आणि "दऱ्या", "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना". पहिल्या शब्दात जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात तो येत नाही, र हलका सुटतो. कानाला फरक कळतो, पण घाईत बोललं की पुसट होतो. "आचाऱ्यांना उरलेले पैसे दिले" हा लग्नघरातला निरोप "आचार्यांना" होऊन गेला तर भटजी विचारायला येतील. "ऱ्य"मधली ही अर्धी रेघ कीबोर्डवरही पटकन सापडत नाही, म्हणून असा शब्द हवा असेल तर पूर्ण वाक्यात, संदर्भासकट बोला. "स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना" म्हटलं की बहुधा नीट येतं.

ळ-ल आणि ण-न हा आपल्याच जिभेचा प्रश्न आहे. काळ-काल, ओळ-ओल, मण-मन. ज्यांच्या घरी दोन्ही न सारखेच बोलले जातात त्यांना फोन कधी सावरून घेतो, कधी नाही. यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. पाठवण्याआधी बघायचं, इतकंच.

अनुस्वाराचं असं की बोलताना "केलं", "गेलं" यातलं टिंब नाकात नसतं, शेवटचा अ जरा लांबतो इतकंच. "कसं" आणि "कस" त्याला सारखेच. औपचारिक पत्र असेल तर "केले", "गेले" असं स्पष्ट बोला, म्हणजे वादच नको.

माणसांची नावं त्याच्यावर सोडूच नका. आडनाव हाताने लिहा. आडनाव चुकवल्याचा राग मराठी माणूस तीन पिढ्या धरतो.

आकडे बोलले तर?

छोटे आकडे नीट येतात. कधी अक्षरांत, कधी अंकांत, आणि अंक कधी मराठी तर कधी इंग्रजी. मध्येच बदलले तरी दचकू नका. अडचण जोडआकड्यांची. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचा अर्धा भाग एकच. बावीस आणि बावन्न, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर हेही घाईत एकमेकांच्या अंगावर पडतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" असं वाचन आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. आता फोनला पंच्याण्णव आणि सत्त्याण्णव यातला फरक समजावताना कधीकधी वाटतं, पुस्तकवाल्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

दीड, अडीच, सव्वाशे, पावणेदोनशे बोलून बघा, पण रक्कम पाठवायची असेल तर १७५ असं हातानेच टाइप करा. फोन नंबर एकेक आकडा बोला. तरीही मागे जाऊन दहा मोजा. पिन, ओटीपी आणि कार्डाचा नंबर बोलायचाच नाही. फोन ऐकतो म्हणून नव्हे, शेजारचा माणूस ऐकतो म्हणून.

आम्ही बोलताना इंग्रजी शब्द खूप घालतो. चालतं का?

मुंबईत राहून न घालता कसं जमेल? "मीटिंगचे मिनिट्स सेक्रेटरीला मेल कर" हे आमच्याकडचं सरळ मराठी वाक्य आहे. असे रुळलेले शब्द तो ओळखतो. कधी देवनागरीत लिहितो, कधी इंग्रजी अक्षरांत. औषधांची नावं मात्र हमखास बिघडतात. गोळीचं नाव कधीही बोलून पाठवू नका. पाकिटाचा फोटो काढा.

मालवणी, आगरी, कोळी बोलीत?

माझ्या शेजारच्या खोतकाकू मूळच्या मालवणच्या. त्यांनी "खंय गेल्लंस" म्हटलं आणि फोनने त्याचं प्रमाण मराठीत काहीतरी करून ठेवलं, ज्याचा जाण्यायेण्याशी संबंधच नव्हता. काकूंनी फोनला जे सुनावलं ते त्याने लिहून घेतलं नाही, हे त्याचं नशीब. कारण साधं आहे. मशीन शिकतं ते लोकांच्या आवाजाच्या आणि त्याच्या लिखाणाच्या जोड्यांवरून, आणि अशा जोड्या पुस्तकी मराठीच्या जास्त, बोलींच्या फार थोड्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला खरा, पण मशीनला दर्जा कळत नाही, रेकॉर्डिंग कळतं.

ते द्यायची सोय आहे. मोझिला या संस्थेच्या "कॉमन व्हॉइस" या प्रकल्पात मराठी आहे. पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचायचं किंवा दुसऱ्याने वाचलेलं तपासायचं. ही रेकॉर्डिंग कोणालाही मोफत वापरायला खुली असतात. सरकारच्या भाषिणी प्रकल्पाचं "भाषादान"ही आहे, त्यात बोलण्याच्या भागाचं नाव "बोलो इंडिया". आमच्यातल्या चौघी दुपारची झोप सोडून वाक्यं वाचतात. काकूंचं म्हणणं, पुस्तकी वाक्यं पण मालवणी हेलात वाचायची. मला ते पटलं.

इंटरनेट नसेल तर?

करून बघा, उत्तर मिळेल. फोन विमान मोडवर टाका आणि माइक दाबून बोला. अक्षरं आली तर तुमच्या फोनमध्ये मराठी उतरलेली आहे. नाही आली तर व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन भाषांची यादी उघडा आणि मराठी दिसत असेल तर घरच्या वायफायवर उतरवून घ्या. भुयारी मेट्रोत किंवा मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर रेंज गेली की हे उपयोगी पडतं. यादीत मराठी नसेल तर तिथे बोटांनी लिहायचं.

माझं बोलणं कुठे जातं? कोणी सतत ऐकतं का?

ऑफलाइन नसेल तेव्हा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि अक्षरं परत येतात. हे समजूनच वापरा. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तुम्ही बोलत नसताना ती दिसली तर वरून पट्टी खाली ओढा आणि तिच्यावर टिचकी मारा. कोणतं ॲप ऐकतंय ते कळतं. सेटिंग्जमधल्या "प्रायव्हसी डॅशबोर्ड"मध्ये गेल्या चोवीस तासांत माइक कोणी वापरला त्याची यादी मिळते. आमच्या एका ताईंच्या फोनमध्ये टॉर्चच्या ॲपने माइकची परवानगी घेतलेली निघाली. विजेरीला कान कशाला?

गूगल खात्याच्या "माय ॲक्टिव्हिटी"मध्ये आवाजाची रेकॉर्डिंग जपून ठेवायची की नाही याचा पर्याय आहे. एकदा जाऊन बघा. देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण मृत्युपत्राचा मसुदा किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट मी कायद्याच्या भरवशावर मोठ्याने वाचणार नाही. ते मी अजून पेनने लिहिते.

माझ्या मिस्टरांना ऐकू कमी येतं. त्यांना याचा उपयोग?

खूप. त्यांच्यासाठी "लाइव्ह ट्रान्सक्राइब" हे गूगलचं वेगळं ॲप आहे, २०१९ चं. अमेरिकेतल्या गॅलोडेट या बधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीने ते घडलं. फोन टेबलावर ठेवायचा. समोरचे बोलतील ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर येत राहतं. मराठीही निवडता येते. जपून ठेवायचं ठरवलं तर लिखाण तीन दिवस फोनमध्ये राहतं. डॉक्टरांकडे जाताना, बँकेच्या काचेपलीकडच्या माणसाशी बोलताना याने फरक पडतो. घरात चारजण एकदम बोलायला लागले की त्याचा गोंधळ होतो. आमचे एक सभासद म्हणाले, "तसंही मला तेव्हा ऐकू येत असतं तरी काय कळलं असतं."

मला आठवणी लिहायच्यात. शंभर पानं बोलून होतील?

होतील, पण व्हॉट्सॲपच्या चौकटीत नको. गूगल डॉक्स घ्या, तिथे आपोआप साठवलं जातं. घरी संगणक असेल तर क्रोममध्ये डॉक्स उघडून "टूल्स" आणि त्यात "व्हॉइस टायपिंग". मोठा माइक येतो, त्याच्यावरच्या यादीतून मराठी निवडायची. फोनपेक्षा तिथे बसून जास्त वेळ निवांत बोलता येतं.

वेगाचा हिशेब बघा. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची. लघुलेखनाची १००, १२० ची. आपण गप्पा मारतो त्या साधारण या दुसऱ्या वेगाने. म्हणजे बोलून तुम्ही टायपिस्टच्या तिप्पट वेगाने पुढे जाल. पण वाचलेला सगळा वेळ तुमचा नव्हे. एका पानाला दहा मिनिटं तपासणी धरा, आणि ती त्याच दिवशी करा. आठवड्याने वाचलंत तर "त्याच्या मावशीचा काळ" हे "काल" होतं की "काळ", तुम्हालाही आठवणार नाही. लघुलिपीची वही दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

आणखी एक. बोललेलं लिखाण पसरट होतं. "म्हणजे", "तर काय झालं", "आणि मग" ओळीओळीला. मी पहिल्या वाचनात चुका काढते आणि दुसऱ्यात "म्हणजे".

वडिलांच्या भाषणांच्या जुन्या कॅसेट आहेत. त्या फोनसमोर वाजवल्या तर?

मीही करून पाहिलं. टेपची खरखर, सभागृहाचा घुमारा, टाळ्या. चार ओळींत दोन शब्द बरोबर. त्यापेक्षा हे करा: कानात इअरफोन घालून कॅसेट ऐका आणि ऐकत ऐकत तेच शब्द स्वतः फोनला बोला. बीबीसीवर थेट कार्यक्रमांच्या खाली जे शब्द धावतात ते बराच काळ याच पद्धतीने तयार होत आले आहेत. एक माणूस ऐकतो आणि स्वच्छ आवाजात पुन्हा बोलतो. पहिली पंधरा मिनिटं डोकं गरगरतं, मग लय सापडते. आमच्या एका सभासदांनी वडिलांची सहा भाषणं अशी उतरवली. मधे दोनदा थांबावं लागलं, पण ते मशीनमुळे नाही.

सर्दीने आवाज बसलाय. ओळखेल?

ओळखतो. दातांची कवळी काढली तर ओळखत नाही.

अर्ज, तक्रारीचं पत्र असं काही चालेल?

मसुद्याला चालेल. वॉर्ड ऑफिसला द्यायचं पत्र मी बोलूनच काढते, मग तारीख, जावक क्रमांक, नावं, कलमं हाताने भरते. पत्र छापल्यावर कागदावर वाचते, पडद्यावर नाही. शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे. उलटं वाचलं की अर्थाचा ओघ तुटतो आणि प्रत्येक शब्द सुटा दिसतो. छापखान्यातल्या एका मुद्रितशोधकांनी मला ही युक्ती दिली होती, तेव्हा फोनला वायर असायची.

हे पानही तुम्ही बोलूनच लिहिलंत का?

हो, आकडे आणि "दऱ्या" सोडून. तीन दुपारी लागल्या, त्यातली एक दुरुस्तीत गेली. "आचाऱ्यांना" सहा वेळा बोलले, चार वेळा आचार्य आले. "कवळी" एकदा "कवळे" झाली होती. अजून काही राहिलं असेल तर बुधवारी चारला या आणि बोट ठेवून दाखवा. जिना जरा अरुंद आहे, कठडा धरून या.